पंप पुन्हा बदलण्याआधी डिपस्टिक पाहा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

इंदुरात वडिलांच्या काळापासून आमचा वाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे. दोन ट्रक आहेत. त्यांतला जुना, यांत्रिक इंजेक्शन पंपाचा ट्रक पीथमपूरहून माल घेऊन धुळ्याला जातो. गेल्या वर्षी त्याचा इंजिनावरचा फीड पंप, म्हणजे टाकीतले डिझेल इंजेक्शन पंपापर्यंत आणणारा पंप, डिझेल नीट देईनासा झाला. मिस्त्रींनी तो जागेवरच ठेवला, लाइनमध्ये त्याच कामाचा एक इलेक्ट्रिक लिफ्ट पंप बसवला आणि त्याचा करंट ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचमधून घेतला. तेव्हापासून गाडी सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेते, परतीच्या वाटेवर घाट चढताना मधेच बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. इलेक्ट्रिक पंप दोनदा बदलून झाला. गरम इंजिनावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. मिस्त्री म्हणतात, स्विचच खराब आहे, तो काढून पंप चावीवरून डायरेक्ट करू. धाकट्या भावाला वाटते की ड्रायव्हर डिझेल काढून भेसळ करतो. ड्रायव्हर वडिलांच्या वेळचे आहेत, आम्ही त्यांना उस्ताद म्हणतो. वडील म्हणतात, मिस्त्री सांगेल तसे करा. बाकी इंजिन उत्तम आहे, ऑइल अजिबात खात नाही, उलट नेहमी भरलेलेच असते. पंप डायरेक्ट करावा, उस्तादांना कामावरून कमी करावे, की गाडीच विकावी?

उत्तर:

आपले पत्र तपशिलाने लिहिलेले असल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मात्र त्यातले जे वाक्य आपण दिलासा म्हणून लिहिले आहे, तेच मला सर्वांत काळजीचे वाटते. जुने डिझेल इंजिन थोडेफार ऑइल खातेच. दोन ऑइल बदलांच्या मधल्या काळात डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी जराही उतरत नसेल, किंवा वर चढत असेल, तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइलखेरीज आणखी काहीतरी येत आहे असे समजावे. पाणी येत असेल तर ऑइल दुधट दिसते. डिझेल येत असेल तर ते काळेच राहते, फक्त पातळ होते आणि त्याला डिझेलचा वास येतो. म्हणून पहिले काम असे करा, की सकाळी इंजिन सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागी उभी असताना डिपस्टिक काढा, पातळी पाहा, ऑइल दोन बोटांत चोळा आणि हुंगा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली असेल आणि वास डिझेलचा असेल, तर ते ऑइल काढून टाकेपर्यंत इंजिन सुरू करू नका. पातळ झालेले आणि वाढलेले ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेने इंजिनात ओढले गेले, तर इंजिन त्याच्यावरच चालू लागते, आपोआप वेग घेते आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही.

डिझेल ऑइलमध्ये येते कुठून? पत्रावरून माझा पहिला संशय जागेवरच ठेवलेल्या जुन्या फीड पंपावर आहे. डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याचा, फीड पंप इंजिनाच्या अंगावर बसतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. डायफ्रॅमच्या एका बाजूला डिझेल असते, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे ऑइल. डायफ्रॅम फाटला की पंप डिझेल कमी देऊ लागतो आणि त्याच फटीतून डिझेल चेंबरमध्ये उतरू लागते. तो पंप तसाच ठेवून त्याच्या मागे इलेक्ट्रिक पंप लावला, तर नवा पंप त्या फाटलेल्या डायफ्रॅममधून डिझेल दाबाने आत ढकलतो. मग ऑइल पातळ होते, त्याचा दाब उतरतो आणि गरम इंजिनावर लाल दिवा लुकलुकतो. आपल्याकडे डिझेलची तक्रार आणि ऑइलची तक्रार दोन वेगळ्या माणसांकडे गेल्या असाव्यात, असे मला वाटते. इंदुरात ट्रान्सपोर्ट नगर असो वा देवास नाका, वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियन पाहतो, इंजिन मिस्त्री पाहतो आणि इंजेक्शन पंप तिसऱ्याच वर्कशॉपमध्ये जातो. प्रत्येक जण आपापले काम चोख करतो, पण या तिघांच्या मधे जे घडते ते पाहणे मालकाकडेच राहते.

माझा संशय खरा की खोटा हे पाहणे अवघड नाही. बऱ्याच डायफ्रॅम पंपांच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक भोक असते. डायफ्रॅम फाटला की तिथून डिझेल किंवा ऑइल पाझरते. तिथे काही दिसले नाही, तरी पंप सोडवून आत पाहावे. ज्या वाचकांच्या गाडीत प्लंजरचा, म्हणजे दट्ट्याचा, फीड पंप इंजेक्शन पंपाच्याच अंगावर बसलेला असतो, त्यांच्याकडे हाच प्रकार प्लंजरच्या दांडीचे सील झिजल्यामुळे होतो. इंजेक्शन पंपाचे स्वतःचे सील गेले किंवा एखादे नोझल फवारा न मारता गळू लागले, तरीही डिझेल खाली उतरते. परंतु नवा पंप लावताना जुना जागेवर सोडला असेल, तर आधी त्याच्याकडेच पाहावे.

आता बंद पडण्याविषयी. इलेक्ट्रिक पंप दोनदा बदलूनही दोष तोच राहिला, याचा सरळ अर्थ दोष बहुधा पंपाच्या बाहेर आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकांत ऑइल प्रेशर स्विचचे काम फक्त दिवा लावण्याचे असते. एका वायरचा हा स्विच दाब नसताना इंजिनाच्या अंगातून अर्थ, म्हणजे करंटला परतीची वाट, देतो आणि दाब आला की सुटतो. तीन वॉटचा दिवा १२ व्होल्टवर पाव अँपिअर घेतो, तेवढ्यासाठी हे लहान संपर्क पुरतात. पंप चालवायला याच्या उलट स्विच लागतो, दाब आल्यावर जोडणारा. मिस्त्रींनी तसा दोन किंवा तीन टर्मिनलचा स्विच बसवला असणार. मात्र लहान लिफ्ट पंपाची मोटारही काही अँपिअर ओढते, आणि मोटारीचा करंट तुटताना संपर्कांवर ठिणगी पडते. रोज ठिणगी पडत राहिली की संपर्क काळे पडतात, त्यांचा अवरोध वाढतो, आणि इंजिनाच्या उष्णतेत ते मधूनच सुटतात. गार झाल्यावर पुन्हा जोडले जातात. आपली गाडी अर्ध्या तासाने पुन्हा चालते, त्याचे एक कारण हे असू शकते.

अमेरिकेत १९९०च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या ६.५ लिटर टर्बो डिझेल गाड्यांत कारखान्यातूनच अशी रचना होती. लिफ्ट पंपाचा चालू करंट ऑइल प्रेशर स्विचमधून जात असे. तिथेही संपर्क जळत, लिफ्ट पंप थांबे, आणि तरीही इंजेक्शन पंप स्वतः डिझेल ओढून इंजिन चालवत राही. त्यामुळे मालकाला पत्ता लागेपर्यंत महागड्या इंजेक्शन पंपाची झीज झालेली असे. गाडी चालते आहे म्हणजे लिफ्ट पंप ठीक आहे, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. त्या गाड्यांचे जाणकार मालक मधे रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, बसवतात. रिले असला की स्विचला फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट सोसावा लागतो आणि पंपाचा भार रिले उचलतो.

म्हणून मल्टीमीटर घ्या आणि मिस्त्रींना सोबत घेऊनच मोजा, म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होणार नाही. इंजिन चालू आणि पंप फिरत असताना थेट पंपाच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर सुमारे १४ आणि पंपावर ११ दिसत असतील, तर मधले तीन व्होल्ट वायर, स्विच किंवा अर्थ खात आहे. मग मीटरची एक पिन स्विचच्या येणाऱ्या वायरवर आणि दुसरी जाणाऱ्या वायरवर ठेवा. चांगल्या स्विचवर हे माप शून्याच्या जवळ येते. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले, तर संपर्क जळले आहेत असे धरा. पंपाच्या अर्थची वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्येही हेच माप घ्या, कारण गंजलेल्या चेसिसवर कसलेला अर्थ हा नेहमीचा अपराधी असतो. हे सगळे गार इंजिनावर करून भागणार नाही. तासभर भार देऊन इंजिन तापल्यावर मोजा, कारण दोष तापल्यावरच उगवतो. शक्य असेल तर पंपाच्या वायरला समांतर एक लहान दिवा जोडून तो केबिनमध्ये आणा. घाटात गाडी बंद पडण्याच्या क्षणी तो दिवा आधी विझला होता की पेटलेलाच होता, एवढे उस्तादांनी सांगितले तरी निम्मे निदान झाले.

आपली गाडी २४ व्होल्टची असेल आणि पंप १२ व्होल्टचा, तर आणखी एक गोष्ट तपासा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून पंपाची वायर काढलेली असल्यास एक बॅटरी सतत उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. पंप गाडीच्या व्होल्टेजचाच घ्यावा.

केबिनमध्ये आणलेला पंपाचा दिवा पेटलेला असताना गाडी बंद पडली, तर शोध डिझेलच्या बाजूला न्यावा. टाकीतल्या जाळीवर कचरा बसला असेल, तर भाराखाली प्रवाह वाढतो तसा कचरा जाळीला चिकटतो आणि गाडी थांबल्यावर खाली गळून पडतो. लक्षण तेच दिसते, अर्धा तास थांबले की गाडी सुरू होते. टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बुजला असेल, तरीही असेच घडते, पण त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी बंद पडताच झाकण उघडा. आत हवा जोरात शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात कुठे गळती असेल तर तिथून डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. त्यासाठी पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घालून बुडबुडे पाहावेत. इलेक्ट्रिक पंपाची जागाही पाहा. हे पंप डिझेल ढकलण्यात तरबेज असतात, लांबून ओढण्यात नसतात. पंप इंजिनाशेजारी, उष्णतेत, टाकीपासून दूर आणि उंचावर बसवला असेल, तर नवा पंपही फार काळ टिकणार नाही. त्याची जागा टाकीजवळ, चेसिसवर खालच्या बाजूला आणि आधी एक गाळणी, अशी असावी.

सकाळी स्टार्ट व्हायला लागणाऱ्या वेळाचे कारण मला वायरिंगमध्येच दिसते. स्विच दाब आल्याशिवाय जोडत नाही, दाब इंजिन फिरल्याशिवाय येत नाही, आणि तोवर पंप डिझेल देत नाही. स्टार्टर फिरत असेपर्यंत पंपाला दुसऱ्या वाटेने करंट मिळायला हवा.

पंप चावीवरून डायरेक्ट करावा का, याला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मिस्त्रींचा हेतू वाईट नाही, गाडी धावावी एवढीच त्यांची इच्छा आहे. पण तो स्विच तिथे एका कारणासाठी असतो. इंजिन कोणत्याही कारणाने थांबले, गाडी उलटली किंवा डिझेलची नळी तुटली, तर ऑइलचा दाब उतरतो आणि पंप आपोआप थांबतो. डायरेक्ट पंप चावी चालू असेपर्यंत तुटलेल्या नळीतून तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सोडत राहील, आणि अपघातानंतर चावी फिरवायची शुद्ध कुणाला असेल हे सांगता येत नाही. आपल्या गाडीत तर याहून जवळचा धोका आहे. डायफ्रॅम खरोखरच फाटलेला असेल आणि क्लीनरने गाणी ऐकायला चावी चालू ठेवली, तर बंद इंजिनाच्या चेंबरमध्ये डिझेल भरत जाईल.

रस्त्यात रात्री अडकल्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरती डायरेक्ट वायर जोडणे मी समजू शकतो. ती मात्र डिपस्टिक पाहून, ऑइल वाढलेले नाही अशी खात्री करून, स्वतंत्र फ्यूज आणि हाताच्या स्विचसह जोडावी. अशी वायर दुसऱ्या दिवशी गाडीत राहता कामा नये.

मग करावे काय? माझे मत विचाराल तर इलेक्ट्रिक पंप काढून टाका आणि इंजिनाच्या मूळ रचनेप्रमाणे नवा यांत्रिक फीड पंप बसवा. त्याला वायर, स्विच, रिले, फ्यूज काहीच लागत नाही. इंजिन फिरते तोवर तो चालतो, इंजिन थांबले की थांबतो. घाटात उस्तादांच्या मदतीला ऑटो इलेक्ट्रिशियन येणार नसतो, आणि हँड प्राइमर मारून एअर काढणे त्यांना येतेच. ऑइल प्रेशर स्विचला मग त्याच्या मूळ कामावर, म्हणजे दिव्यावर, परत पाठवता येईल.

आपल्या इंजिनाचा यांत्रिक पंप मिळतच नसेल, तर इलेक्ट्रिक पंप ठेवा, पण जुना पंप पूर्ण काढून त्या जागी गॅस्केटसह पट्टी लावून तोंड बंद करा आणि डिझेलची लाइन त्याला वगळून न्या. वायरिंग रिलेवर करा. बॅटरीपासून लगेच एक फ्यूज, तिथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून पंपाला, आणि ८५ व ८६ या कॉइलच्या पिनांपैकी एकीला ऑइल स्विचचा करंट व दुसरीला अर्थ. स्टार्टरची वायरही याच कॉइलला जोडायची झाल्यास ती सरळ जोडू नका. तशी जोडली तर इंजिन सुरू झाल्यावर ऑइल स्विचचा करंट उलटा स्टार्टरच्या वायरमध्ये शिरतो. मधे डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, किंवा दुसरा रिले हवा. हे बारकाव्याचे काम आहे, ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि त्याला ही गोष्ट आवर्जून सांगा.

लाल दिव्याबद्दल आपण सर्वांनी स्विचला दोषी धरले आहे. स्विच खराब असू शकतो, पण तो खरेही बोलत असू शकतो, आणि हे स्विच बदलून कळत नाही. पातळ झालेले ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्यांत धातूची चमक दिसते का ते पाहा, दिसली तर बेअरिंगपर्यंत इजा पोहोचली आहे. मग स्विच काढून त्याच्याच आट्यांवर काट्याचा प्रेशर गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आणि चालीच्या वेगाला दाब लिहून घ्या. जुन्या यांत्रिक डिझेल इंजिनांत गरम आयडलला एक बारच्या आसपास आणि चालीच्या वेगाला तीन बार किंवा त्याहून अधिक दाब असला, तर सहसा चिंता नसते. शेवटचा शब्द आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेचा. लक्षात घ्या, दिव्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या आसपासच सुटतो, त्यामुळे दिवा विझलेला आहे म्हणजे दाब पुरेसा आहे असे होत नाही, आणि तो लुकलुकतो तेव्हा दाब खरोखरच फार खाली गेलेला असू शकतो. स्विच परत बसवताना आट्यांवर टेप गुंडाळू नका. एका वायरच्या स्विचचा अर्थ त्याच आट्यांतून जातो.

आता उस्तादांविषयी. पत्रात भावाच्या संशयाला लक्षणांचा एकही आधार मला सापडला नाही. भेसळीचे डिझेल अर्ध्या तासाच्या विश्रांतीने शुद्ध होत नाही, आणि चोरीने टाकी रिकामी होते, ऑइल वाढत नाही. मन निवळावे म्हणून टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. पाणी असेल तर खाली बसलेले दिसेल. डिझेल भरताना मापाची शंका आली तर पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. इतके केल्यावरही काही निघाले नाही, तर भावाने तो विषय सोडावा. खलघाटचा पूल ओलांडून भरलेली गाडी गणपती घाटातून मानपूरकडे चढवताना ती बंद पडली, तर पॉवर स्टिअरिंग जड होते, एअर कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेक टाकीत साठलेल्या हवेवर येतात. उतरताना हे घडले तर काय होईल, हे ब्रेक निकामी झाल्याने झालेल्या अपघातांसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या घाटाबद्दल इंदूरच्या माणसाला सांगायला नको. त्या प्रसंगांत ज्या माणसाने दर वेळी गाडी आणि माल सुखरूप घरी आणला, त्याच्याकडे आपल्या प्रश्नाची सर्वांत मोलाची माहिती आहे. त्यांना समोर बसवून विचारा: गाडी झटक्यात बंद पडते की आधी ताकद सोडते? धूर पांढरा येतो की येतच नाही? टाकी अर्धी असताना हे जास्त होते का? झटक्यात जाणे विजेकडे बोट दाखवते, आणि हळूहळू दम तुटणे डिझेलच्या अडथळ्याकडे. दुरुस्ती होईपर्यंत त्यांना भरलेली गाडी घेऊन घाटात पाठवू नका, भाडे सोडावे लागले तरी चालेल.

वडिलांशी बोलताना मिस्त्रींच्या विरोधात बोलू नका. मोजलेले आकडे कागदावर लिहून दोघांसमोर ठेवा.

विकण्याचा विचार दाबाचे आकडे हाती आल्यावर करा. ऑइल बदलल्यावर दाब पुस्तिकेप्रमाणे आला, तर एका फीड पंपासाठी चालते इंजिन विकण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. दाब कमीच राहिला आणि फिल्टरमध्ये धातू सापडला, तर इंजिन उघडण्याचा खर्च आणि गाडीची किंमत शेजारी ठेवून ठरवा, आणि विकलीत तर घेणाऱ्याला ऑइलमध्ये डिझेल आल्याचे सांगून विका.

दुरुस्तीनंतरचे पहिले काही फेरे हलक्या मालाचे ठेवा. निघण्यापूर्वी डिपस्टिकवरची पातळी वहीत लिहा, वाटेत सेंधव्याला इंजिन थंड होऊ देऊन पुन्हा पाहायला उस्तादांना सांगा, परत आल्यावर तिसऱ्यांदा पाहा. पातळी स्थिर राहिली किंवा थोडी उतरली, तर काम झाले. जुना पंप काढूनही ती चढत राहिली, तर डिझेल इंजेक्शन पंपाच्या सीलमधून किंवा नोझलमधून येत आहे, तेव्हा पंप आणि नोझल दोन्ही काढून वर्कशॉपच्या टेस्ट बेंचवर पाठवा.